इंदूरहून मिथुन उल्का पाहताना

पहिल्यांदाच बघणार असाल तर ऑगस्टच्या ययाती उल्कांवर भिस्त ठेवू नका. तेव्हा माळव्यात ढग असतात. मिथुन उल्कांची 13-14 डिसेंबरची रात्र धरा. राजवाड्याच्या उजेडातून फक्त ठळक उल्का दिसतील, म्हणून महूपुढे जानापाव टेकडीकडे जा. तिथे इंदूर-पीथमपूरचा उजेड उत्तर-ईशान्येला राहतो, तिकडे पाठ करा.

दुर्बीण नको, तिला आकाशाचा जेमतेम तुकडा दिसतो. सतरंजीवर आडवे व्हा. डोळे अंधाराला सरावायला 20-30 मिनिटं लागतात आणि मोबाइलकडे एकदा पाहिलंत की पुन्हा पहिल्यापासून! उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून येताना भासतात ती जागा, पुनर्वसूतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ, रात्री दोनच्या सुमारास डोक्यावर. पण नजर त्याच्यापासून थोडी बाजूला ठेवा, बाजूच्या रेषा लांब दिसतात. या उल्का धूमकेतूच्या नव्हेत, फेथॉन या लघुग्रहाच्या. चंद्र मोठा असेल तर मात्र निम्मी मजा गेली.