उपग्रहचित्रांवरून हिमनदीजवळची तळी कशी मोजायची आणि धोकादायक कोणती हे कसं ठरवायचं?

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात, १० मीटरचा पिक्सेल पुरतो. हिमालयासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरचीच घ्या: पावसाळ्यात ढग आणि हिवाळ्यात गोठलेलं तळं, दोन्ही फसवतात.

चित्रातल्या हिरव्या प्रकाशाच्या पट्ट्यातून (बँड ३) जवळचा अवरक्त (निअर इन्फ्रारेड) पट्टा (बँड ८) वजा करा आणि दोघांच्या बेरजेने भागा. पाण्याचं उत्तर सहसा धन येतं. पण डोंगराची सावलीही पाण्यासारखीच दिसते, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. म्हणून उंचीच्या नकाशावरून उतार काढा आणि सुमारे १० अंशांहून तीव्र उतारावरचं ‘पाणी’ खोडून टाका. तळं उतारावर थोडंच असतं! उरलेली कड डोळ्यांनी तपासा.

लहान तळ्यांच्या आकड्यांवर फार विसंबू नका. १०० बाय १०० मीटरच्या तळ्यात कडेला अर्ध्या पिक्सेलची चूक झाली, तरी क्षेत्रफळ २० टक्क्यांनी हुकतं. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या जुन्या ३० मीटर चित्रांत तीच चूक ६० टक्के. त्यामुळे ‘तळं वाढलं’ म्हणण्याआधी ही चूक वजा करा.

आणि नुसत्या आकारावरून तळं फुटण्याचा धोका ठरत नाही. तळं अडवणारा नैसर्गिक बांध सैल दगडमातीचा आहे का, त्यात बर्फ गाडलेला आहे का, वरून हिमकडा किंवा दरड पाण्यात पडेल का, हे बघा. सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक तळ्यात ऑक्टोबर २०२३ ला बाजूची दरडच कोसळली, लाटेने बांध फोडला आणि खाली चुंगथांगचं धरण वाहून गेलं.