कॉइल बदलली म्हणून सगळी वॉरंटी गेली का?

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यात माती परीक्षणासाठी नमुने काढून देण्याचे काम करतो. नोव्हेंबरात सोलापूरच्या विक्रेत्याकडून पिकअपवर बसवलेले स्वयंचलित नमुना यंत्र ७ लाख ४० हजारांना घेतले. कंपनी पुण्याची आहे. वॉरंटी एक वर्ष किंवा ५०० तास. मार्चमध्ये, २१० तास झाले असताना, प्रोब (मातीत घुसणारी नळी) खाली गेला की वर येईना. विक्रेत्याचा माणूस आठ दिवस आला नाही, म्हणून एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून व्हॉल्व्हची कॉइल बदलून घेतली. पंधरा दिवसांत सिलिंडरमधून तेल गळायला लागले. शिवाय पडद्यावर खोली १५ सेंटिमीटर दिसते, पण नळीत माती ९ सेंटिमीटरच येते. यंत्र आता विक्रेत्याकडे पडून आहे. ‘बाहेर हात लावला, वॉरंटी संपली’ असे सांगून त्याने १ लाख ३८ हजारांचे एस्टिमेट हातात ठेवले आहे. एका साखर कारखान्याला मेअखेर १,२०० नमुने द्यायचे आहेत, तिथून दंडाची भाषा सुरू झाली आहे. काय करावे?

उत्तर : पहिले काम म्हणजे त्या एस्टिमेटवर सही करू नका. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य खर्चून काम केले त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. आज त्याने फक्त पाहणी केली आहे, दुरुस्ती नाही. सही झाली, काम झाले, की यंत्र सोडवायला पैसे मोजावे लागतील आणि बिघाडाचा पुरावाही भंगारात गेलेला असेल. आजच विक्रेत्याला आणि कंपनीला ईमेल आणि व्हॉट्सअॅप, दोन्हीकडे कळवा : संयुक्त पाहणी होईपर्यंत यंत्र उघडू नये, आणि काही भाग आधीच काढले असतील तर ते टाकू नयेत.

आता मूळ मुद्दा. हायड्रॉलिक व्हॉल्व्हची कॉइल, म्हणजे व्हॉल्व्ह सरकवणारे विजेचे वेटोळे, ही व्हॉल्व्हच्या बाहेर, एका बंद नळीवर सरकवून बसवलेली असते. वरचा एक नट काढला की ती हातात येते. तेलाचा मार्ग उघडत नाही, तेलाचा थेंब सांडत नाही आणि बाहेरची धूळही आत जाऊ शकत नाही. त्यामुळे कॉइल बदलल्याने सिलिंडरचे सील फाटले, हे विक्रेत्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या टिकायला अवघड आहे. वॉरंटी कार्डातले कलम शब्द न् शब्द वाचा. ‘अनधिकृत दुरुस्तीमुळे झालेल्या बिघाडाला वॉरंटी लागू नाही’ असे असेल, तर कॉइलमुळेच गळती झाली हे त्यांनी दाखवायला हवे. ‘अनधिकृत दुरुस्ती केल्यास संपूर्ण वॉरंटी रद्द’ असे असेल तर लढत जरा कठीण होते. तरीही आठ दिवस सेवा दिली नाही ही सेवेतली त्रुटी आहे आणि तुम्ही नाइलाजाने कॉइल बदलली, असे मांडता येते. त्या आठ दिवसांतले फोन, मेसेज, तक्रार क्रमांक हेच इथे सोन्याच्या मोलाचे.

तुमची कमजोर बाजूही सांगतो, कारण समोरचा वकील तिथेच बोट ठेवणार. नव्या कॉइलवर व्होल्टेज कोरलेले असते. गाडीचे यंत्र १२ व्होल्टचे आणि वर्कशॉपने हाताशी होती म्हणून २४ व्होल्टची कॉइल बसवली असेल, तर तिची ओढ अपुरी पडते, व्हॉल्व्ह पूर्ण सरकत नाही आणि प्रोब अडखळतो. तसे निघाले तर प्रोबची तक्रार तुमच्यावर उलटेल. गळतीची मात्र तरीही नाही. वर्कशॉपचे बिल आणि काढलेली जुनी कॉइल दोन्ही मिळवा. बिलावर ‘फक्त कॉइल बदलली, व्हॉल्व्ह उघडला नाही’ असे लिहून सही-शिक्का घ्या. जुनी कॉइल पहिल्या २१० तासांत जळाली असेल तर ती का जळाली, हा प्रश्न आता कंपनीला विचारायचा आहे : वायरिंगमध्ये पाणी गेले, व्होल्टेज जास्त येत होते, की कंट्रोलर तिला सतत चालू ठेवत होता?

संयुक्त पाहणीत काय तपासायचे ते कागदावर आधी लिहून द्या, नाहीतर चार माणसे यंत्राभोवती उभी राहून चहा पिऊन परततात. कॉइलच्या कनेक्टरवर, प्रोब वर घेण्याचा आदेश दिलेला असताना व्होल्टेज मोजा. ते दहा-साडेदहाच्या खाली येत असेल तर दोष बॅटरी, अर्थिंग किंवा वायरिंगकडे आहे. सिलिंडरचा रॉड पूर्ण बाहेर काढून पुसून पाहा. ओरखडे एकाच बाजूला असतील तर रॉडवर आडवा जोर आला आहे. तो चुकीच्या फिटिंगने येतो, किंवा प्रोब जमिनीत असताना गाडी हलल्याने येतो. दुसरे कारण चालकाचे, म्हणून फिटिंग सरळ आहे का हेही त्याच वेळी मोजून घ्या. ओरखडे गोलाकार सगळीकडे असतील तर धूळ किंवा घाण तेल हे कारण. रॉडच्या तोंडाशी असलेले वायपर सील धूळ अडवते. ते २१० तासांत निकामी होत असेल तर उत्तर कंपनीने द्यायचे आहे.

१५ आणि ९ चा फरक हा दोन वेगळ्या आजारांचा असू शकतो. प्रोब काढल्यावर भोकात लोखंडी पट्टी घालून खोली मोजा. भोक १५ सेंटिमीटर असेल आणि माती ९ च आली तर माती नळीत दबली आहे. बहुधा टोक झिजले. टोकाचे आतले तोंड नळीपेक्षा किंचित लहान असते, म्हणून माती आत सहज सरकते. झिजून ते मोठे झाले की माती नळीच्या भिंतीला घासून अडकते. टोक हा झिजणारा भाग आहे, तो बहुतेक वॉरंटीत नसतो, त्यावर भांडू नका. पण भोकच ९ सेंटिमीटर असेल तर प्रोब मध्येच थांबतो आणि पडदा खोटे सांगतो. मग रिलीफ व्हॉल्व्हचा (तेलाचा दाब ठरावीक मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह) दाब गेजवर पाहा आणि खोलीचा सेन्सर तपासा. रिलीफ व्हॉल्व्हच्या लॉकनटवर कारखान्यातून रंगाची खूण असेल आणि ती तुटलेली नसेल, तर दाबाशी कोणी खेळलेले नाही याचा तो पुरावा. त्याचा जवळून फोटो घ्या. तुम्ही कधी तो स्क्रू फिरवला असेल, तर आधी वकिलाला सांगा, नंतर ग्राहक आयोगात कळण्यापेक्षा ते बरे.

टाकीतले तेल दोन स्वच्छ काचेच्या बाटल्यांत, प्रत्येकी साधारण २०० मिलिलिटर, सर्वांसमोर काढा, सील करा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि एकेक बाटली वाटून घ्या. दुधट तेल म्हणजे पाणी, चमचमणारे कण म्हणजे आतली झीज. पाहणीसाठी शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातले यांत्रिकी शाखेचे शिक्षक मिळाले तर उत्तम. शेती यंत्रांची जाण हवी असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे विचारा. बोलावूनही समोरचे आले नाहीत तर तुमच्या पत्राची पोच आणि त्या दिवशीचा एकतर्फी अहवाल, दोन्ही जोडा. मोबाइलमधले फोटो, व्हिडिओ, मेसेज सादर करताना भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र सोबत द्या. आयोगापुढे पुराव्याचे नियम इतके काटेकोर नसतात, पण प्रमाणपत्र असले की हरकतीला जागाच उरत नाही. आणि मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या.

कंपनी आणखी एक वाक्य म्हणेल : ‘उन्हाळ्यातल्या कडक जमिनीत वापरले.’ आता सोलापूर जिल्ह्यात नमुने काढायचा मोसमच रब्बी निघाल्यावर ते पेरणीपूर्वीचा, म्हणजे एप्रिल-मे. तेव्हा काळी जमीन तडकलेली आणि मुरमाड जमीन कडकच असणार. खरेदीपूर्वी विक्रेत्याला ‘आमच्या काळ्या आणि मुरमाड जमिनीत चालेल ना?’ असे विचारलेला एखादा मेसेज शोधा. मालविक्री कायदा १९३० च्या कलम १६ नुसार, खरेदीदाराने वापराचा हेतू सांगितला, तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला आणि विक्रेता त्याच व्यवसायातला असला, तर माल त्या कामाला योग्य असलाच पाहिजे, अशी अट करारात गृहीत धरली जाते. माहितीपत्रकात ‘सर्व प्रकारच्या जमिनीसाठी’ असे छापले असेल तर तेही जपून ठेवा.

तुम्ही ग्राहक आहात का, हा प्रश्न येणारच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) प्रमाणे व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाला संरक्षण नाही, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या १९९५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेथसारखे यंत्र स्वतः चालवून पोट भरणाऱ्याचे उदाहरण दिले आणि एक-दोन मदतनीस ठेवले म्हणून तो ग्राहक राहत नाही असे होत नाही, असेही सांगितले. बिल तुमच्या वैयक्तिक नावावर आणि गाडीवर तुम्ही व एखादा मदतनीस असाल तर तक्रारीत ते स्पष्ट लिहा. खरेदी भागीदारी संस्था किंवा कंपनीच्या नावावर असेल, चार-पाच यंत्रे आणि पगारी चालक असतील, तर दिवाणी मार्ग धरा. ३ लाख आणि त्यावरील व्यावसायिक वादाला, तातडीचा दिलासा मागितला नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे, हे विसरू नका.

तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. बिलावर ‘पुण्याच्याच न्यायालयात’ असे छापलेले असले तरी ग्राहक कायद्याचे कलम ३४ तुम्ही राहता किंवा काम करता तिथे तक्रार करू देते. लवाद कलम असले तरी तक्रार अडत नाही. आयोगाची ५० लाखांची मर्यादा आता मागितलेल्या भरपाईवर नाही, तर प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीवर ठरते. ७ लाख ४० हजारांना शुल्क २०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे. प्रतिपक्ष म्हणून विक्रेता आणि उत्पादक दोघांना घ्या, नाहीतर विक्रेता पुण्याकडे आणि पुणे विक्रेत्याकडे बोट दाखवत बसेल. उत्तर देण्यास त्यांना ३० दिवस आणि फार तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ही ४५ दिवसांची मर्यादा बंधनकारक मानली आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवायला हरकत नाही, पण त्यामुळे मुदत थांबत नाही.

तक्रार ‘मालातील दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून मांडा. उत्साहाच्या भरात ‘उत्पादन दायित्वा’चे (सदोष वस्तूने केलेल्या हानीची उत्पादकावरील जबाबदारी) प्रकरण जोडू नका. त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे नुकसान आणि व्यापारी-आर्थिक तोटा स्पष्टपणे वगळला आहे. मागण्या अशा ठेवा : मोफत दुरुस्ती आणि सुटे भाग, ते न जमल्यास बदली यंत्र किंवा पैसे परत, बंद काळासाठी वाजवी भरपाई, खर्च. बुडालेला नफा लाखांत मोजून लिहिलात तर तुमच्याच कागदावरून तुमचा व्यवसाय मोठा दिसायला लागतो, एवढे भान ठेवा.

कारखान्याकडे वळू. यंत्र बिघडले म्हणून करार आपोआप सुटत नाही, करार कायद्याचे कलम ५६ इथे उपयोगी नाही. पण करारात दंड कितीही लिहिला असला तरी त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. आजच लेखी मुदतवाढ मागा आणि हाताने नमुने सुरू करा : फावड्याने इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, करारातल्या खोलीपर्यंत कडेचा सारखा काप, प्लास्टिकची बादली. जस्ताचा मुलामा दिलेली बादली नको, सूक्ष्म अन्नद्रव्यांतला जस्ताचा आकडा बिघडतो. मजुरीच्या पावत्या ठेवा. कलम ७३ नुसार नुकसान कमी करायला तुम्ही काय केले ते पाहिले जाते आणि हा खर्च कंपनीकडून मागता येतो.

एक अवघड गोष्ट. गळती सुरू झाल्यापासून यंत्र बंद होईपर्यंत काढलेले नमुने कारखान्याला दिले असतील तर त्यांना कळवा. ९ सेंटिमीटरच्या नमुन्यात वरच्या थरातली अन्नद्रव्ये जास्त दिसतात आणि तेल पडलेल्या मातीत सेंद्रिय कर्बाचा आकडा फुगतो. लपवलेत तर उद्या कंपनीविरुद्धच्या तक्रारीत तुमचाच नमुना तुमच्याविरुद्ध ठेवला जाईल.

हंगाम वाचवायला यंत्र लगेच लागणारच असेल तर तक्रारीसोबत अंतरिम अर्ज करा : आयोगाने तज्ज्ञाकडून पाहणी करून घ्यावी आणि त्यानंतर दुरुस्तीला परवानगी द्यावी. तोवर थांबणे शक्य नसेल आणि पैसे भरूनच यंत्र सोडवावे लागले, तर पाहणी उरकून मग भरा. बँकेतून भरा, रोख नको. त्याच दिवशी ‘हक्क अबाधित ठेवून, निषेध नोंदवून भरले’ असे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि काढलेला प्रत्येक भाग, सीलसुद्धा, पिशवीत घालून परत मागा. यंत्रावर बँकेचे कर्ज असेल तर हप्ता थांबवू नका. तो वाद वेगळा आहे आणि त्यात तुमची बाजू लंगडी पडेल.