बागेवर अटॅक आला म्हणजे काय झालं?

प्रश्न : सर, आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात, माझी नोकरी सांगलीत. दिवाळीनंतर एका सकाळी सासऱ्यांचा फोन आला. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. आवाज तुटत होता. "अटॅक आलाय, लगेच या," एवढंच ऐकू आलं. मी तशीच एसटीत बसले. अर्ध्या वाटेत दिरांना फोन लागला तेव्हा कळलं, आण्णा ठणठणीत आहेत, अटॅक बागेवर आलाय, डाऊनीचा, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचा. घरी सहावीतल्या मुलीनं शब्दकोश काढला. त्यात ‘अटॅक म्हणजे हल्ला’. ती विचारते, बागेवर हल्ला कोणी केला? शिवाय तिच्या वहीत ‘द डॉग अटॅक्ड ऑन मी’ या वाक्याला बाईंनी फुली मारली आहे. या शब्दाचे नेमके अर्थ किती, आणि आपण तो वापरावा की नाही?

– एक वाचक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : ताई, आण्णा बरे आहेत हे वाचलं आणि मगच मी पत्राचा पुढचा भाग वाचू शकलो. त्या एसटीतला तासभर तुम्ही कसा काढला असेल याची मला कल्पना आहे. आपल्या भागात नुसतं ‘अटॅक’ म्हटलं की माणूस छातीवरच हात नेतो. ‘हार्ट’ कधीच गळून पडलं.

तुमच्या मुलीचा प्रश्न मात्र फार मोलाचा आहे. हल्ला म्हटला की हल्ला करणारा लागतो. दरोडेखोर, बिबट्या, शत्रूचं सैन्य, कोणीतरी. डाऊनीला असं डोकं नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, दव पडलं, पानं ओली राहिली की ती बुरशी पानावर रुजते. वरून तेलकट डाग, खालून पांढरी लव. फुलोऱ्यात आली तर घडच जातो. आण्णांचा आवाज का तुटत होता ते मला समजतं.

मराठीत या शब्दाचा अर्थ त्याच्यामागच्या क्रियापदावर ठरतो. पोलिसांवर अटॅक ‘होतो’, कोणीतरी तो ‘करतो’. आजाराचा अटॅक ‘येतो’, जसा ताप येतो, पूर येतो. येतो म्हटलं की करणारा कोणी उरत नाही. मुलीला सांगा, शब्दकोशातला ‘हल्ला’ हे फक्त ‘करतो’चं उत्तर आहे. ‘येतो’साठी आपल्याकडे झटका आहे, उबळ आहे, कळ आहे.

आता या शब्दाचं मूळ. इंग्रजीत तो १६०० च्या सुमारास फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचांनी तो इटालियनमधून उचलला. तिथे ‘अत्ताकारे’ म्हणजे जोडणे, चिकटवणे, आणि लढाईच्या बोलण्यात लढाईला तोंड लावणे. ईमेलला आपण फाइल अटॅच करतो, तो अटॅच आणि हा अटॅक एकाच कुळातले. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वर्गातच थांबलो होतो, कारण मराठीनं हीच वाट स्वतंत्रपणे काढली आहे. आपलं ‘भिडणे’ बघा. घराला घर भिडतं आणि पैलवान पैलवानाला भिडतो. आपलं ‘लागणे’ बघा. तिकीट पाकिटाला लागतं आणि कीड पिकाला लागते. म्हणजे आण्णा ‘बागेला डाऊनी लागली’ असं म्हणाले असते तर ते अटॅकच्या मूळ अर्थाच्या जास्त जवळ गेले असते. (बागेत बोर्डो मारत असाल तर तेही फ्रान्सचंच. मोरचूद आणि चुन्याचं ते मिश्रण तिथे १८८५ साली याच डाऊनीवर पुढे आलं.)

माझ्या आईला दमा होता. आम्ही मिरजेत सतारमेकर गल्लीच्या जवळ राहायचो. ‘अटॅक’ हा शब्द तिच्या तोंडी कधी आला नाही. "आज धाप लागलीय," म्हणायची आणि उशीला टेकून बसायची. डॉक्टर चिठ्ठीवर अटॅक लिहायचे. दोघांचं म्हणणं एकच होतं, पण आईच्या बोलण्यात भीती कमी होती. म्हणून पॅनिक अटॅकबद्दल कोणी विचारलं की मी ‘जीव घाबरा होणं’ सुचवतो. आजार तितकाच खरा राहतो, उपचारही तितकेच लागतात, फक्त माणसाला तो सांगता येतो.

त्याच गल्लीत सतारी, तंबोरे करणाऱ्यांच्या दारात मी लहानपण काढलं, म्हणून आणखी एक अर्थ सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाश्चात्त्य संगीतात स्वराची सुरुवात कशी होते, धारदार की अलगद, त्याला अटॅक म्हणतात. त्याला हल्ला म्हणून बघा, कानाला कसं वाटतं! आपले गवई म्हणतात स्वर ‘लावणे’, सूर ‘लागणे’. पुन्हा तेच लागणे. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांच्या किराणा घराण्याची ओळखच स्वराच्या लगावावरून आहे.

क्रिकेटमध्ये एखाद्या संघाचा अटॅक म्हणजे त्याचे सगळे गोलंदाज मिळून. मराठी समालोचनानं त्याला ‘मारा’ हा नेमका शब्द दिला. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी १९४८ च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला ऑस्ट्रेलियाच्या लिंडवॉल आणि मिलरच्या माऱ्यासमोर एकाच कसोटीत दोन शतकं केली, ११६ आणि १४५. इथे ‘आक्रमण’ लिहिणाऱ्याला मैदान माहीत नाही असं मी समजतो. जेवणावर अटॅक केला, या वाक्यात तर इंग्रजीची गरजच नाही. आपण ताव मारतो, तुटून पडतो.

आता वहीतली फुली. मुलीला रागावू नका. तिची मराठी पक्की आहे म्हणून ती चुकली. आपण ‘माझ्यावर’ हल्ला केला म्हणतो, त्या ‘वर’चं तिनं ‘ऑन’ केलं. इंग्रजीत अटॅक क्रियापद असेल तर त्याचं कर्म थेट येतं : ‘द डॉग अटॅक्ड मी’. नाम असेल तर ‘ऑन’ चालतो : ‘ॲन अटॅक ऑन द कॅम्प’. आजारासाठी ‘ऑफ’ : ‘ॲन अटॅक ऑफ मलेरिया’. इतकी वर्षं इंग्रजी शिकवताना सर्वांत जास्त वेळा खोडलेला ‘ऑन’ हाच असेल.

वापरावा का, याचं उत्तर : बागेबद्दल बोलताना खुशाल वापरा, सगळा तालुका वापरतो. पण फोनवर आधी कशाला काय झालंय ते सांगायचं, अटॅक नंतर. आण्णांना एवढं माझ्या वतीनं सांगा.

प्रश्न : सर, मी साताऱ्यात कायद्याचं शिक्षण घेतो. अटॅक आणि असॉल्ट एकच का? वर्तमानपत्रं दोन्हींना हल्ला लिहितात.

– एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : बोलण्यात एक, कायद्यात नाही. अटॅक हा रोजच्या भाषेतला शब्द. असॉल्टची व्याख्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३५१ मध्ये होती, आता भारतीय न्याय संहितेत कलम १३० मध्ये आहे. त्यासाठी अंगाला हात लागावाच लागतो असं नाही. समोरच्याला आता आपल्यावर बळ वापरलं जाणार असं वाटेल असा हावभाव किंवा तयारी पुरते. नुसते शब्द पुरत नाहीत, पण शब्दांमुळे हावभावाला तसा अर्थ येऊ शकतो. संहितेच्या मराठी पाठात यासाठी ‘हमला’ असा वेगळा शब्द ठेवला आहे. तो नीट जपावा असं मला वाटतं. बातमीत दोन्हींना हल्ला लिहिलं की मूठ उगारणारा आणि डोकं फोडणारा एकाच रांगेत उभे राहतात.

कलमाखालचं एक उदाहरण तर पाठच करा. एक माणूस चावऱ्या कुत्र्याची मुसकी सोडायला लागतो, कुत्रा आता अंगावर येणार असं समोरच्याला वाटावं म्हणून. मुसकी सोडणं हा त्या माणसाचा असॉल्ट. कुत्र्यासाठी मात्र मूळ इंग्रजीत ‘अटॅक’ हाच शब्द आहे, आणि त्याच्यापुढे ‘ऑन’ नाही. तासगावच्या ताईंनी ते वाक्य मुलीला दाखवावं.