कपाटात साड्या मावत नाहीत. कोणत्या ठेवाव्यात आणि नवी घेताना काय पाहावे?

गेल्या दोन दिवाळ्यांत एकदाही न नेसलेल्या साड्या बाजूला काढाव्यात; मात्र जरीच्या रेशमी साडीला हा नियम लावू नये, कारण ती मुळात क्वचितच नेसली जाते; पण ती वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिल्याने घडीच्या रेषेवरच विरते. अशी साडी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून दर तीन-चार महिन्यांनी तिची घडी बदलावी. मऊ झालेल्या सुती साड्या बोहारणीला देण्याआधी त्यांची गोधडी शिवण्याचा विचार अवश्य करावा. माझ्या घरी आजीच्या लुगड्यांची गोधडी अजून रोज वापरात आहे. नवी रेशमी साडी घेताना शुद्ध रेशमाची हमी देणारी ‘सिल्क मार्क’ची खूण पाहावी आणि तिच्यावर शोभणारा, अंगाला नीट बसणारा ब्लाऊज घरात आहे का, हे दुकानात जाण्यापूर्वीच तपासावे.