लिम्फोमाची गाठ हृदयात गेली असेल तर ऑपरेशनसाठी मुंबईला न्यावं का?

मामांना लिम्फोमा, म्हणजे लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर, असल्याचा संशय आहे, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या उजव्या कप्प्यात गाठ दिसली, ती काढायला लगेच मुंबईला न्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, कोल्हापुरात कॅन्सर वॉर्डला नर्स आहे.

ऑपरेशनच्या मागे लागू नका. लिम्फोमा औषधाला दाद देतो आणि हृदयातली गाठही बहुधा केमोनेच विरघळते. रक्ताची वाटच अडली तर गोष्ट वेगळी. रिपोर्टवर 'स्टेज 4' वाचून घरच्यांचे पाय गळतात. पण हृदयात शिरणारा लिम्फोमा बहुतेकदा 'डिफ्यूज लार्ज बी सेल' जातीचा असतो आणि त्यात चौथ्या स्टेजलाही पेशंट बरा करायच्या हिशेबानेच उपचार धरतात.

आधी बायोप्सी उरका. मानेत, काखेत गाठ असेल तर तुकडा तिथूनच घेतात. त्याआधी दम लागतोय म्हणून कुणी स्टेरॉइड लिहून दिलं तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. त्याने गाठ आकसते आणि बायोप्सी फसू शकते.

खरी काळजी केमोच्या पहिल्या सायकलची, म्हणजे पहिल्या फेरीची. गाठ हृदयाच्या भिंतीत रुतलेली असते. ती झपाट्याने विरघळली तर भिंत कमकुवत होऊ शकते, ठोके बिघडतात. म्हणून पहिला डोस ॲडमिट करून, मॉनिटर लावून देतात. पेशी फुटून युरिक ॲसिड चढतं, त्यामुळे सलाईन आणि लघवीचं माप चालू राहतं. आम्ही दर वेळी भांडं मागतो म्हणून नातेवाईक वैतागतात, वैतागोत बापडे!

आर-चॉप या लिम्फोमाच्या नेहमीच्या केमोतलं लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, स्वतःच हृदयाला जड असतं. आयुष्यभरात ते किती द्यायचं याला मर्यादा आहे. हृदयाचं पंपिंग किती टक्के आहे हे लिहिलेला पहिला इको म्हणूनच फाइलला लावून ठेवा. ते दिल्यावर लघवी लालसर होते, घाबरू नका.

दुसरं मत हवंच असेल तर घरातल्या कुणीतरी बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (तुकड्याचे नमुने) घेऊन मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जावं. दम लागणाऱ्या माणसाला रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसवू नका. आडवं पडल्यावर जीव घाबरा झाला, मानेच्या शिरा फुगल्या किंवा चक्कर आली तर हृदयाभोवती पाणी साठलेलं असू शकतं. तेव्हा अपॉइंटमेंटची वाट न बघता कोल्हापूरचं सरकारी सीपीआर हॉस्पिटल किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याची कॅज्युअल्टी गाठा. जाताना रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा, सरकारी जन आरोग्य योजनेचं तिथले आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) सांगतील.