बांधावरून : वाचकांचे प्रश्न, मोजणीवाल्याची उत्तरं

प्रश्न : काका, माझी मुलगी नववीत आहे. १९६२ च्या युद्धाबद्दल वाचताना तिनं विचारलं, "आई, जिथं गवतही उगवत नाही त्या डोंगरासाठी भारत आणि चीन लढलेच कसे?" मला नीट सांगता आलं नाही. तुम्ही जन्मभर हद्दी मोजल्या, म्हणून तुम्हालाच विचारते.
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : ताई, मुलीला सांगा, जमीन नापीक असली म्हणून भांडण लहान होत नाही. माण तालुक्यात मी एक बांध मोजला होता. दोन्हीकडे मुरमाड, वर्षातून एकदा मटकी निघाली तर निघाली. दावा मात्र अकरा वर्षं चाललेला. एकानं गावनकाशाची नक्कल आणली, बाभळीखाली पसरली, पट्टी लावली आणि म्हणाला, "बघा, हद्द बाभळीच्या पलीकडून जाते." आमच्या जुन्या गावनकाशाचं परिमाण आठ इंचाला एक मैल. त्यावरची रेघ एक मिलिमीटर जाड असली तर जमिनीवर ती सव्वीस फूट रुंद होते. म्हणजे ती बाभळ, बांध आणि बांधाखालची चरी, सगळं त्या एका रेघेच्या पोटात! मी टिपण काढलं. टिपणात आकडे असतात, इतक्या साखळ्या, इतके आणे (आणा म्हणजे साखळीचा सोळावा भाग). साखळी धरली आणि उन्हं उतरायच्या आत दगड रोवला.

आता हाच हिशेब हिमालयात न्या. १९१४ च्या मार्चमध्ये दिल्लीत ब्रिटिशांचे हेन्री मॅकमहोन आणि तिबेटचे प्रतिनिधी लोन्चेन शात्रा यांनी नकाशावर हद्द ठरवली. तीच मॅकमहोन रेषा. त्या नकाशाचं परिमाण इंचाला आठ मैल. आमच्या गावनकाशाच्या बरोबर उलटं. तिथं एक मिलिमीटर रेघ म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. आणि टिपण? नव्हतंच. जागेवर एकही दगड रोवलेला नव्हता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लगतधारकाची, म्हणजे शेजारच्या चीनची, सही नाही. सिमल्याच्या परिषदेत चीनचे प्रतिनिधी इव्हान चेन यांनी मसुद्यावर आद्याक्षरं केली, पण त्यांच्या सरकारनं ती मानली नाहीत. पुढे चीन हेच म्हणत राहिला, की तिबेटला असा करार करायचा हक्कच नव्हता.

ही झाली पूर्वेची हद्द. पश्चिमेला लडाखकडे अक्साई चीनचं प्रकरण याहून विस्कटलेलं. तिथं इंग्रजांनीच वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या रेघा सुचवल्या. १८६५ च्या जॉन्सनच्या पाहणीतून आलेली रेघ अक्साई चीन आपल्याकडे टाकते, १८९९ चा मॅकार्टनी-मॅकडोनाल्ड प्रस्ताव त्यातला बराचसा भाग पलीकडे सोडतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १९५० च्या नकाशात तिथली सीमा अनिश्चित म्हणूनच दाखवली होती. १९५४ च्या एप्रिलमध्ये पंचशील करार झाला आणि जुलैमध्ये नेहरूंनी सूचना दिली की नवे नकाशे छापा, त्यात सीमा पक्की दाखवा, तिच्यावर चर्चा नको. ताई, आमच्या खात्यात शेजाऱ्याला नोटीस न देता हद्द कायम केली तर पहिल्याच अपिलात ती मोजणी रद्द होते. शेजारीही काही साधा नव्हता. त्यानं ब्र न काढता अक्साई चीनमधून शिनजियांग-तिबेट रस्ता काढला. रस्ता पुरा झाल्याची बातमी त्यांनीच १९५७ मध्ये दिली. दुसऱ्या वर्षी आपण बघायला दोन तुकड्या पाठवल्या, त्यांतली एक चिन्यांनी धरून ठेवली.

मग एकेक काडी पडत गेली. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, चीनच्या मनात संशय बसला. ऑगस्टमध्ये पूर्वेच्या हद्दीवर लोंग्जूला गोळीबार. २१ ऑक्टोबरला लडाखमध्ये कोंगका खिंडीजवळ आपले पोलीस मारले गेले. पोलीस स्मृतिदिन २१ ऑक्टोबरला पाळतात तो त्यांच्यासाठीच, हे मुलीला आवर्जून सांगा. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन लाय दिल्लीत येऊन गेले. तुम्ही पश्चिम सोडा, आम्ही पूर्व सोडतो, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ते जमलं नाही. जमायला हवं होतं का, यावर साताऱ्याच्या राजवाड्यावर संध्याकाळी बसणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांत दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर बोलणी मोडायला नको होती. आमचे एक सुभेदारसाहेब एवढ्यावर माझ्याशी आठ दिवस बोलले नव्हते.

नोव्हेंबर १९६१ पासून आपण पुढे सरकून चौक्या घालू लागलो. आमच्या भाषेत हे म्हणजे दावा चालू असताना वादातल्या पट्ट्यात कुळवाच्या दोन पाळ्या मारून वहिवाट दाखवायची. पलीकडचा गप्प बसेल असं धरून चालायचं. जून १९६२ मध्ये पूर्वेच्या हद्दीवर आसाम रायफल्सनं नामका चू नाल्याच्या काठी ढोला चौकी घातली. नाल्याच्या उत्तरेला थागलाची धार. नकाशावरची रेघ अक्षरशः धरली तर ती धारेच्या दक्षिणेनं जाते. पाणलोटाचं तत्त्व धरलं तर हद्द धारेवरूनच जायला पाहिजे, कारण पाणी तिथं दोन्हीकडे फुटतं. यातलं दुसरं ते आपलं म्हणणं, आणि मोजणीवाला म्हणून मला ते रास्त वाटतं. डोंगरात हद्द पाणढाळावरच धरतात. पण रास्त असणं वेगळं आणि समोरच्यानं कबूल करणं वेगळं.

८ सप्टेंबरला चिनी सैनिक धारेवरून खाली उतरले. १० ऑक्टोबरला चकमक झाली. १२ तारखेला सिलोनला निघताना नेहरू पत्रकारांना म्हणाले की आपला भूभाग मोकळा करायला लष्कराला सांगितलं आहे. खाली नाल्यात सुती कपड्यांतली एक ब्रिगेड, हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली, आणि शत्रू डोक्यावरच्या धारेवर. २० ऑक्टोबरच्या पहाटे पूर्वेला आणि लडाखमध्ये एकदमच हल्ला झाला. त्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी दोन दिवसांनी पकडले गेले. नोव्हेंबरमध्ये दुसरा तडाखा बसला, त्यात पूर्वेकडचं सेला आणि बोमदिला गेलं. १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग ला इथं मेजर शैतानसिंह यांची कुमाऊँ रेजिमेंटची कंपनी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. २१ तारखेला चीननं आपणहून युद्धबंदी जाहीर केली. पूर्वेत तो रेषेपलीकडे परत गेला. पश्चिमेला रस्त्याचा भाग सोडला नाही. सरकारी आकड्यांप्रमाणे आपले १,३८३ जवान गेले, सुमारे १,७०० बेपत्ता झाले आणि ३,९०० च्या वर कैद झाले.

प्रश्न : यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले ते युद्ध चालू असताना की संपल्यावर? आमच्या घरात पैज लागली आहे.
— एक वाचक, कराड

उत्तर : दोघांनाही अर्धी-अर्धी द्या. त्यांनी पदभार घेतला २१ नोव्हेंबर १९६२ ला, आणि युद्धबंदीची घोषणाही त्याच दिवसाची. कृष्ण मेनन यांचा राजीनामा आधीच झाला होता. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा सगळे म्हणायचे. (त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे आता सांगली जिल्ह्यात येतं, त्यामुळे सांगलीकर त्यांना आपलं म्हणतात आणि कराडकर सोडत नाहीत. हीही हद्दच.)

मी तेव्हा नऊ वर्षांचा. शाळेनं जवानांसाठी लोकरीचे कपडे मागितले. आईनं कंदिलाच्या उजेडात हिरवा स्वेटर विणला, त्याची एक बाही बोटभर लांब झाली. ती उसवायला निघाली, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "असू द्या हो, थंडीत हात आत ओढून घेईल पोरगा." तसाच दिला.

प्रश्न : शेजाऱ्यानं नांगरताना दोन तासं आत घेतली. बांधावरची बाभळ आमची की त्याची यावरूनही तो भांडतो. कोर्टात जाऊ का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. सातबारा जोडा, फी भरा. शेजाऱ्याला नोटीस जाईलच, तरी आदल्या दिवशी स्वतः जाऊन त्याला तारीख सांगा, जमलं तर चहा पिऊन या. खुणा दाखवल्या की दोघांच्या सह्या तिथंच होऊ द्या. आणि तोवर रागाच्या भरात बाभळीला कुऱ्हाड लावू नका. टिपणात ती खूण म्हणून असेल तर भूकरमापक आधी तीच शोधणार.