सासूबाईंना टीबी नव्हता, नोकार्डिया निघाला, आता कुंड्या फेकू का?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या, संधिवातासाठी चार वर्षांपासून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. भांडुपला आमच्या गच्चीवर त्यांच्या पंधरावीस कुंड्या आहेत, माती आणि खत त्या स्वतः हाताने कालवतात. गणपतीनंतर ताप-खोकला सुरू झाला, एक्स-रेत डाग दिसला म्हणून टीबीची औषधं दिली, दोन महिन्यांत काडीचा फरक नाही आणि वजन सात किलो उतरलं. मग दुर्बिणीतून तपासणी केली तर रिपोर्टमध्ये नोकार्डिया आलं. आता निदान सहा महिने गोळ्या म्हणतात. हे मातीतूनच आलं का? पाच वर्षांच्या नातवाला होईल का? — एक सून, भांडुप

उत्तर: ताई, आधी नातवाचं सांगते. त्याला आजीकडून होणार नाही, हा आजार टीबीसारखा खोकल्यातून पसरत नाही, त्यामुळे आजीचं ताट वेगळं वगैरे काही करू नका, खुशाल मांडीवर बसू दे.

नोकार्डिया हे जंतू मातीत, कुजलेल्या पाल्यात, खतात सगळीकडे असतात. सुकी माती उडाली की धुळीबरोबर आपल्या सगळ्यांच्याच छातीत जातात आणि धडधाकट माणसाचं शरीर त्यांना निपटून टाकतं, पण चार वर्षांच्या स्टेरॉइडने ती ताकद कमी झालेली असते. आईंना नेमकं गच्चीवरच लागलं की आणखी कुठे, हे छातीठोक कोणीच सांगू शकत नाही, म्हणून त्यांना कुंड्यांवरून बोल लावू नका प्लीज.

टीबी का वाटला? मायक्रोस्कोपखाली नोकार्डिया म्हणजे बारीक फांद्या फुटलेले धागे, मध्येमध्ये मणी ओवल्यासारखे. टीबीच्या तपासणीत स्लाइडला गुलाबी रंग देऊन ती जोरदार ॲसिडने धुतात, त्यात यांचा रंग बहुतेक वेळा उडून जातो, १ टक्का ॲसिड वापरलं तर टिकतो. आणि साधं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी, लॅबवाले दोन-तीन दिवसांत बंद करतात, हे महाशय उगवायला कधी आठवडा, कधी दोन-तीन आठवडे घेतात. म्हणूनच मी कळकळीने सांगते, स्टेरॉइडवरचा पेशंट टीबीच्या औषधाला दाद देत नसेल तर लॅबच्या फॉर्मवर 'नोकार्डियाची शंका' एवढे दोन शब्द लिहायला डॉक्टरांना जरूर सांगा.

आता औषध. बहुतेक को-ट्रायमॉक्साझोल दिलं असेल, सल्फाचं जुनं औषध. ताई, हे नीट वाचा, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट पण चालू आहे का? असेल तर आजच दोन्ही डॉक्टरांना फोन करा, कारण ही दोन औषधं एकत्र आली की रक्तातल्या पेशी धोकादायकरीत्या खाली येऊ शकतात. नसलं तरी रक्त, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियम ठरल्या तारखेला तपासायचंच, अंगावर पुरळ आलं तर लगेच कळवायचं, आणि स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही.

अजून एक, डोक्याचा एमआरआय झालाय का ते विचारा. हा जंतू फुप्फुसातून मेंदूत जाऊन गळू करतो आणि सुरुवातीला डोकंही दुखत नाही. तिथे पोचला असेल तर गोळ्या निदान वर्षभर. महिन्याभरात ताप जाईल, जेवण सुधारेल आणि घरात सगळे म्हणतील आता कशाला एवढ्या गोळ्या, तिथेच घात होतो, अर्धवट सोडलं की आजार उलटतो.

मातीतून पायालाही होतं बरं का, अनवाणी चालताना काटा लागतो आणि वर्षानुवर्षं सूज, छिद्रं, त्यातून दाणे येतात. या मदुरा फुटचा अभ्यास आपल्या मुंबईतच ग्रँट मेडिकल कॉलेजच्या डॉ. व्हँडाइक कार्टर यांनी १८६० च्या सुमारास केला, मायसेटोमा हे नावही त्यांचंच. नोकार्डिया हे त्याचं एक कारण.

कुंड्या फेकू नका. माती ओली करूनच हलवायची, हातमोजे आणि मास्क लावून, आणि ते काम सध्या तुमचं. आईंना गच्चीत लांब खुर्ची टाकून द्या, कुठल्या कुंडीला काय हवंय ते त्या बसल्या बसल्या सांगतील.